लाल दोरा भाऊंचा

मधलीचा डोळा कापडाच्या उलट्या बाजूला आधी जायचा. धंदाच तसा होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत तिचं रफूचं दुकान. कुणाचा कोट सिगारेटने जळलेला, कुणाची शाल उंदराने कुरतडलेली, कुणाच्या पँटचा सायकलच्या साखळीने घास घेतलेला. गिऱ्हाईक सुलट बाजू दाखवत बोलत राहायचं आणि ही कापड उलटवून बोट फिरवायची. सुलट बाजू काय, सगळ्यांचीच चांगली असते. जिथे वीण जरा जास्तच नीट, तिथे खाली भोक आहे, हे तिच्या बोटाला डोळ्याच्या आधी कळे. हा गुण कापडापुरता राहिला असता तर बरं झालं असतं. पण बोटांना सवय लागली की ती माणसांवरूनही तशीच फिरतात.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवून "बातमी तशी चांगलीच आहे" म्हटलं, तेव्हा मधलीला बातमी ऐकूच आली नाही. तिला फक्त 'तशी' ऐकू आलं.

बातमी धाकटीबद्दल होती. धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती जन्मात कधी एका जागी बसली नाही. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. सकाळ पाण्यात, संध्याकाळ पाण्यात, मधल्या वेळात सायकलवर. त्या भिंगरीच्या हाडांतली मज्जा सुकत चालली होती. रक्त तयार होतं ते त्या मज्जेत. विहिरीत पोहरा सोडावा आणि खालून नुसता खडखडाट यावा, तसं तिच्या अंगाचं झालं होतं. हाताला कुणी जरा घट्ट धरलं तरी निळा डाग उठे. परक्यांचं रक्त चढवून दिवस ढकलले जात होते. खरा उपाय एकच: कुणाची तरी निरोगी मज्जा तिच्यात घालायची आणि ती तिथे रुजायची.

पण ती ऐऱ्यागैऱ्याची चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी हे पहिल्याच भेटीत समजावलं होतं. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीची एक खूण असते. तिच्यावरून शरीर आपलं कोण नि परकं कोण ते ठरवतं. ती खूण दोन पेडांची. एक पेड आईकडून येतो, एक बापाकडून. आईजवळ स्वतःचे दोन पेड, बापाजवळ दोन. त्यातला कुठला कुणाच्या वाट्याला येईल ते नशीब. म्हणून सख्ख्या भावंडांत साधारण चारांत एकाचे दोन्ही पेड जुळतात. पूर्वी म्हणे पेशींवर निरनिराळे द्राव टाकून, कुठल्या मरतात ते बघून ही खूण ओळखायचे. आता यंत्र ती अक्षर न् अक्षर वाचतं, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी खूण निराळी धरतात.

मधलीची तपासणी सगळ्यांत आधी झाली होती. तिचा एकच पेड जुळला, निम्मं. त्या दिवशी ती दुकानात जाऊन दिवसभर एकाच कोटाची बाही रफू करत बसली होती. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. उरले दोघं: वडील आणि थोरला भाऊ.

इथे त्या घराची एक खोड सांगायला हवी. त्या घरात हाका जरा वाकड्या पडल्या होत्या. वडिलांना त्यांची धाकटी भावंडं भाऊ म्हणत. ते ऐकून पोटची मुलंही त्यांना भाऊच म्हणू लागली. थोरला मुलगा जन्मला तोच कपाळाला आठ्या घालून, निकाल राखून ठेवलेल्या न्यायाधीशासारखा. आजी त्याला हातात घेऊन म्हणाली, हा तर बाबाच आला घरी. झालं, तो बाबा झाला. मिशा आल्या, लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी लागली, केस पिकायला लागले, तरी बाबाच राहिला. बाप भाऊ आणि भाऊ बाबा. घरच्यांना त्यात काही वाकडं दिसत नव्हतं. आई तेवढी आई होती.

तर डॉक्टरीणबाई सांगत होत्या की वडिलांचं पूर्ण जुळलंय, दोन्ही पेड. भावाचं निम्मं. आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमचे आईवडील लग्नाआधी नात्यातले होते का?

मधलीने का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, बाप मुलीला एकच पेड देतो. दुसरा आईचा असतो. तरीही बापाचे दोन्ही जुळले, तर आईने दिलेला पेड बापाच्या उरलेल्या पेडासारखाच असला पाहिजे. नात्यात लग्न झालं असेल तर असं होतं. नसेल तर दुर्मीळ, पण अगदीच अशक्य नाही. आपण फेरतपासणी करूच. देणाऱ्याची खूण दोनदा वाचल्याशिवाय आम्ही पुढे जातच नाही. या वेळी दंडातून रक्त घेऊ.

आणि मग ती दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मघाचं 'तशी' आलं होतं. भाऊंचं वय झालेलं. हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या. मज्जा काढायची ती कंबरेच्या हाडातून, पूर्ण भूल देऊन. भाऊंना ते झेपेलच असं सांगता येत नव्हतं. निम्म्या जुळणीवरही काम करतात, पण भिंगरीच्या बाबतीत त्यात धोका जास्त. म्हणजे एका पारड्यात बाप आणि दुसऱ्यात मुलगी, आणि काटा मधलीच्या नाकासमोर.

जिना उतरता उतरता तिने मावशीला फोन लावला. आई आणि भाऊ नात्यातले होते का, हे विचारायला दुसरं उरलंच कोण होतं. मावशी भडकली. म्हणाली, तुझ्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तिची कुंडली कोण काढतंय? त्या घराचं आणि आमचं नातं एवढंच, की तुझे वडील आमच्या पाण्याच्या टाकीच्या कामाला क्रेन घेऊन आले होते आणि तुझी आई गच्चीवर केस वाळवत होती. नात्यातले म्हणे. फोन ठेवताना मात्र मावशीने आवाज खाली आणून विचारलं, "का गं, कोण काय बोललं का?" म्हणजे एका प्रश्नाने मावशीच्याही मनात किडा सोडला. संशयाचं असंच असतं. ढेकणासारखा, एका गादीवरून दुसऱ्या गादीवर, आणि कुणी आणला ते कुणालाच माहीत नसतं.

पण मधलीचं मन आईकडे गेलंच नाही. ते गेलं एका गाठीकडे.

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती पाकिटात घालायची, पाकीट इस्पितळाच्या खिडकीत नेऊन द्यायचं, अशी पहिली तपासणी होती. भाऊंना उगाच हेलपाटा नको आणि बाबाची पाळी कधी संपेल याचा नेम नाही, म्हणून मधलीने दोन्ही पाकिटं घरी आणली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर दोघांना बसवून, आऽ करायला लावून तिने स्वतः काड्या फिरवल्या. पाकिटं एकसारखी, वर नुसते आकडे. गोंधळ नको म्हणून तिने आपल्या पद्धतीने खूण केली: भाऊंच्या पाकिटाला लाल दोरा, बाबाच्या पाकिटाला निळा, दोन्हीला तिची ती बारीक, दाबून बसणारी गाठ. मग ती चहा टाकायला वळली. मग दूध उतू गेलं, मग शेजारीण आली. सकाळी पाकिटं पिशवीत घालताना तिचं बोट थबकलं होतं. निळ्या दोऱ्याची गाठ तिची नव्हती. जाड, दुहेरी, तारा बांधणाऱ्या माणसाची गाठ.

तेव्हा घाई होती. आता तीच गाठ तिच्या बोटांना पुन्हा लागली.

बाबाने पाकीट उघडलं होतं. कशाला उघडलं असेल? बाबा सुईला भितो हे सगळ्या जगाला ठाऊक. शाळेत लस टोचायला माणूस आला की बाबा मागच्या भिंतीवरून पसार. आईच्या शेवटच्या आजारात तिला सलाइन लावताना तो दाराबाहेर उभा असायचा, आत यायचा तो सुई निघाल्यावर. वेळ आली की निसटायचं, हा त्याचा जन्मजात हातखंडा. मग एका पाकिटातली काडी दुसऱ्यात जायला कितीसा वेळ लागतो? आपलं जुळलं तर आपल्यावर येईल. म्हाताऱ्याचं जुळलं तर डॉक्टरच नको म्हणतील, आणि सगळेच सुटतील. सगळेच, एक भिंगरी सोडून.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. उलट्या बाजूचं भोक गिऱ्हाइकाला लगेच दाखवायचं नसतं. आधी किती मोठं आहे ते बघायचं असतं.

इकडे भाऊंना जणू पालवी फुटली. क्रेन चालवणारा माणूस, निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून दुसऱ्यांच्या क्रेनांना नावं ठेवणारा. आता सकाळी चालायला जाऊ लागले, जेवणातलं मीठ सोडलं, बुटांना पॉलिश केलं. एवढ्या वर्षांत मी तिला एक पेन्सिल घेऊन दिली नाही वेळेवर, म्हणाले, आता हाडातलं देतो, ते तरी वेळेवर देऊ दे. फेरतपासणीचं रक्त देताना त्यांनी बाही अशी झोकात वर केली की रक्त घेणारी बाईसुद्धा हसली.

भिंगरीला मात्र कुणीतरी सगळं सांगून टाकलं होतं. मधली इस्पितळात तिची वेणी घालायला गेली, तेव्हा ती पाठमोरी बसली होती. हे केस आता थोड्या दिवसांचे. औषधं सुरू झाली की जाणार, हे दोघींना माहीत होतं. मधली तोंडातल्या तोंडात आईचं ते गुणगुणत होती, जे आई दोघींच्या वेण्या घालताना म्हणायची:

पेडात पेड घालिते, गाठ शेवटी मारिते,
सुटला जो एक केस, कानामागे मी सारिते.

"ताई," भिंगरी म्हणाली, "भाऊंना त्या टेबलावर झोपवणार असाल, तर मला नको."

मधली म्हणाली, गप्प बस.

"मी तलावात मुलांना काय शिकवते माहितीये? बुडणाऱ्याने वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारायची नाही. दोघंही जातात."

मधलीने गाठ मारली. जरा जास्तच आवळली गेली. खोलीबाहेर येऊन तिने पायातली प्लास्टिकची खोळ काढली आणि दुकानात न जाता थेट बाबाच्या कामावर गेली.

बाबा एका उंच इमारतीच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. नुसतं डोकं जमिनीच्या वर. बाजूला पाने, फडकी, ग्रीसचा डबा. तिला बघून त्याने कपाळाच्या आठ्या आणखी चढवल्या आणि म्हणाला, काय गं मधले, दुकानाला कुलूप आणि माझ्या डोक्यावर तू? ती म्हणाली, इकडून जात होते. इकडून कुणीच कुठे जात नाही, तो म्हणाला, लिफ्ट बंद आहे.

तो वर चढून आला तेव्हा तिला दिसलं. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा छोटा गोल तुकडा. तिने विचारलं, हे काय? तारेने खरचटलं, तो म्हणाला. तार काय कोपराच्या बेचक्यात बरोब्बर शीर शोधून खरचटते? तिने पुढे विचारलं नाही. खोटं सापडलं होतं, तेवढं पुरे. सुईला भिणारा माणूस कुठेतरी जाऊन सुई टोचून घेतो आणि घरी लपवतो. म्हणजे काही आजार? की स्वतःच कुठे दुसरीकडे तपासून घेतोय, आपलं जुळतं का ते आधी कळावं म्हणून? एकेक शंका दुसरीचा हात धरून येत होती, लग्नाला निघालेल्या बायकांसारखी.

"त्या दिवशी तू पाकीट उघडलं होतंस," ती म्हणाली.

बाबाचा हात फडक्यातच थांबला. "कोण म्हणालं?"

"गाठ म्हणाली."

तो जरा वेळ बोटं पुसत राहिला. एकेक बोट, उगाच पुन्हा पुन्हा. मग म्हणाला, सुटली होती, बांधली. माझं निम्मं आलं ना? मग झालं तर. आता काय त्याचं. आणि पाठ फिरवून पुन्हा खड्ड्यात उतरला. उतरताना त्याचे डोळे ओले होते, हे तिने पाहिलं. चोराच्याही डोळ्यांत पाणी येतं, तिने मनाशी म्हटलं, आणि तिला स्वतःचाच जरा कंटाळा आला.

फेरतपासणी आली आणि डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा या वेळी बंद होता. भाऊंच्या रक्तातून वाचलेली खूण आणि भाऊंच्या पाकिटातली खूण एक नव्हती. रक्त म्हणत होतं निम्मं. पाकीट म्हणत होतं पूर्ण. वडिलांचे म्हणून आलेले दोन नमुने दोन वेगळ्या माणसांचे आहेत, एवढंच प्रयोगशाळा सांगते, त्या म्हणाल्या. खाली चला.

खालच्या मजल्यावर नमुने स्वीकारायची खिडकी. जाड काच, काचेला हाताच्या पंजाएवढं भोक, आत खिडकीतली बाई. तिच्या शेजारी प्रयोगशाळेचा तपासनीस उभा होता, हातात ती दोन पाकिटं. सगळे सगळ्यांकडे बघत होते, पण सरळ कुणीच बघत नव्हतं. तपासनीस आल्या आल्या म्हणाला, आमच्याकडे अदलाबदल होत नाही, एका नमुन्याचं काम संपल्याशिवाय आम्ही दुसऱ्याला हात लावत नाही. खिडकीतली बाई म्हणाली, मला जे सांगितलं ते मी चिकटवलं. डॉक्टरीणबाई हातातला कागद उलटसुलट करत राहिल्या, आणि ते जास्त लागलं.

मधलीने आयुष्यात कधी गिऱ्हाइकासमोर आवाज चढवला नव्हता. आताही चढला नाही. उलट अगदी खाली गेला.

"मी सांगते तो नमुना कुणाचा. याचा." तिने बाबाकडे बोट केलं. "याने घरी काड्या बदलल्या. स्वतःवर येऊ नये म्हणून. भाऊंवर घातलं."

भाऊ बाकावर बसले होते. त्यांनी मान वर केली, आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबाकडे. क्रेनच्या टोकाला लटकणारं ओझं जमिनीला टेकेपर्यंत क्रेनवाला श्वास सोडत नाही. तसे ते बसून राहिले.

बाबाच्या कपाळावर एकही आठी नव्हती. मधलीने त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "पाकीट उघडलं. माझंच. भाऊंच्याला हात लावला नाही." मग अडखळत, तुकड्यातुकड्यांनी त्याने सांगितलं. तू काडी फिरवलीस तेव्हा माझ्या तोंडात पानपरागची घाण होती, नुकतंच थुंकून आलो होतो. वाटलं, त्याने बिघडेल, नीट वाचता येणार नाही आणि माझं जुळत असून जुळत नाही म्हणतील. म्हणून तू चहा टाकत होतीस तेव्हा चूळ भरली आणि तीच काडी परत घासली. रक्त येईपर्यंत घासली.

आणि हे, म्हणून मधलीने त्याची बाही ओढली. कोपराच्या बेचक्यात आता दोन गोल पट्ट्या होत्या.

तो ओशाळला. आमच्या गल्लीतला कंपाउंडर आहे ना, म्हणाला, त्याच्याकडे जातो. ताकदीची इंजेक्शनं घेतो. ताकद नकोय मला, सुईची सवय पाहिजे होती. ऐन वेळी चक्कर येऊन पडलो तर भिंगरीचं काय. पहिल्यांदा पडलोच. आता नाही पडत. निम्मं आलं म्हणून कळलं तरी जातोय. कशाला ते मलाही माहीत नाही.

मधलीच्या हातात त्याची बाही तशीच राहिली. तिला वाटलं, हे खरं आहे. आणि लगेच वाटलं, खरं असेल तर मग भाऊंच्या पाकिटात कोण आहे?

तपासनीसाला या घरगुती गोष्टीत रस नव्हता. त्याने पाकिटं काचेला टेकवून दाखवली. दोन्ही दोरे अजून जागेवर होते. "हे बघा. लाल दोऱ्याचं. हे भाऊ म्हणून नोंदलंय. याचं निम्मं."

"बरोबर," मधली म्हणाली. "लाल दोरा भाऊंचा."

"ऐका, त्याच म्हणतायत," खिडकीतली बाई म्हणाली.

"आणि निळ्या दोऱ्याचं वडिलांचं. याचं पूर्ण."

"नाही, निळा बाबाचा."

"तेच म्हणतोय ना मी," तपासनीस म्हणाला.

कुठेतरी काहीतरी बसत नव्हतं, आणि कुठे ते कुणालाच दिसत नव्हतं. तपासनीस कंटाळला. म्हणाला, वाद नको, आत्ता दोघांचं ताजं रक्त घेऊ, माझ्या डोळ्यांसमोर. आधी भाऊ येऊ द्या.

भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाही वर करत खिडकीशी गेले.

"आजोबा, तुम्ही नाही," खिडकीतली बाई समजुतीने म्हणाली. "भाऊ. पेशंटचा भाऊ."

"मीच भाऊ," भाऊ म्हणाले.

बाईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग बाबाकडे. "मग हे कोण?"

"हा बाबा," भाऊ म्हणाले. "माझा थोरला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि या वेळी पुसला नाही, नुसताच हातात धरला.

मधलीला ती सकाळ जशीच्या तशी आठवली. मागे रांग, काचेला भोक, आतून बाईचा प्रश्न: कुणाचं कुठलं? आणि ती वाकून, पिशवी सांभाळत म्हणाली होती: लाल दोरा भाऊंचा, निळा बाबाचा. बाईने ऐकलं तसं चिकटवलं. लाल पेशंटच्या भावाचं, निळं पेशंटच्या बाबांचं. तिची तरी काय चूक? 'भाऊचं' म्हटलं नव्हतं, 'भाऊंचं' म्हटलं होतं. 'बाबांचं' म्हटलं नव्हतं, 'बाबाचं' म्हटलं होतं. एक टिंब इकडे जास्त, एक टिंब तिकडे कमी. जन्मभर या घराने ती दोन टिंबं मानापानासाठी वापरली होती, बापाला द्यायची आणि पोराला द्यायची नाही. पण जाड काचेतून, रांगेच्या गलक्यात टिंब कुणाला ऐकू येतं? यंत्र अक्षर न् अक्षर वाचत होतं. त्याने एक अक्षर चुकीचं वाचलं नव्हतं. चूक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच, तिच्याच तोंडून, काचेच्या भोकातून आत गेली होती. आणि त्यानंतर मधली जगभर चोर शोधत फिरली. मेलेल्या आईच्या गच्चीपर्यंत आणि जित्या भावाच्या खड्ड्यापर्यंत.

म्हणजे निळं पाकीट बाबाचं. पूर्ण. दोन्ही पेड.

हे सगळ्यांत शेवटी बाबाला कळलं. कळलं तेव्हा त्याने खिडकीशी येऊन हात पुढे केला. सुई दिसली तसा पांढराफटक पडला, पण उभा राहिला. भाऊंनी मागून त्याच्या खांद्यावर पंजा ठेवला होता. आधाराला की स्वतः टेकायला, सांगता येत नव्हतं. म्हातारा जरा खट्टूही झाला होता. पॉलिश केलेले बूट वाया गेले, असं म्हणाला, आणि मग एकदम तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला.

मधलीला काहीतरी म्हणायचं होतं. चुकले, हा शब्द त्या घरात भावंडं एकमेकांना म्हणत नसत. तो आल्यागेल्यासाठी ठेवलेला होता. तिने बाबाच्या शर्टाची बाही नीट खाली केली, बटण लावलं. बटण सैल होतं. पदराच्या टोकाला टोचलेली सुई तिने काढली आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्याला दोन टाके घातले.

"सुई दाखवू नकोस," बाबा डोळे मिटून म्हणाला.

"वर बघ मग," ती म्हणाली.

ताज्या रक्तानेही तेच सांगितलं आणि मग गोष्टी भराभर झाल्या. भिंगरीला हा सगळा प्रकार कळला तेव्हा हसून तिला धाप लागली आणि नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर काढता काढता भिंगरी म्हणाली, ताई, बरी झाले की आधी यांची बारशी करू, दोघांची एकदम. मग औषधं सुरू झाली. केस गेले. शेवटची वेणी मधलीने स्वतः कापली आणि न उलगडता कापडात गुंडाळून दुकानातल्या खणात ठेवली.

ज्या दिवशी बाबाला टेबलावर घेतलं, त्या दिवशी मधली काचेच्या खोलीबाहेर उभी होती. मज्जा कंबरेतून निघाली, पिशवीत भरली, आणि ती पिशवी हातात घेऊन नर्स आली. दारातच दुसऱ्या नर्सला मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होती. घेणारीचं नाव वाचलं, आकडा वाचला. मग: "देणारा, भाऊ."

"कोणता भाऊ?" मधली काचेबाहेरून म्हणाली.

नर्सने वर पाहिलं. नातेवाईक काहीबाही विचारतात, तिला सवय होती. पण हिचा चेहरा गमतीचा नव्हता. भाऊ बाकावरून म्हणाले, जाऊ दे गं पोरी, तेवढं तरी त्यांच्यावर सोड. मधलीने सोडलं नाही. तिने नावानिशी, आईबापाच्या नावासकट, वयासकट सगळं परत वाचायला लावलं. वाचताना ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती, टिंबसुद्धा मोजत असल्यासारखी.

आत भिंगरी उशीला टेकून बसली होती, डोकं तुळतुळीत, डोळे तेवढे तेच. खाणाखुणा करून तिने विचारलं, झालं का समाधान? मधलीने बोटाने खूण केली: पिशवी उलटी कर.

नर्स हसली आणि तिने पिशवी हळूच फिरवून मागची बाजू काचेकडे धरली. मागे काही लिहिलेलं नव्हतं. मधलीने काचेला बोट टेकवून ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. रुजेल की नाही ते पुढचं पुढे. पण जोड कुठे दिसत नव्हता; सुलट बाजूला जेवढी लाल, तेवढीच उलट बाजूलाही लाल होती.